गावातून उभं राहणारं आरोग्य संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, परिचारिका, सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः गडचिरोली, महाड आणि पुणे जिल्ह्यातली आहेत. काँगो, तांझानिया, घाना इथलं कामही मध्ये मध्ये येईल, कारण तिथल्या लोकांपुढच्या अडचणी आपल्यासारख्याच आहेत.

स्थानिक नेतृत्वाखालचं आरोग्य संशोधन कशाला म्हणायचं?

ज्या भागात आजार आहे त्याच भागात राहणाऱ्या, काम करणाऱ्या माणसांनी प्रश्न ठरवला, अभ्यास आखला आणि निघालेल्या उत्तराचं काय करायचं हेही त्यांनीच ठरवलं, तर ते स्थानिक नेतृत्व. नुसतं काम आपल्याकडे झालं म्हणून ते आपलं होत नाही. रक्ताचे नमुने मेळघाटातून घेतले, फॉर्म इथल्या मुलींनी भरले, पण कोणता प्रश्न विचारायचा हे दुसऱ्या खंडातल्या एका विद्यापीठात ठरलं, असे कित्येक प्रकल्प असतात. त्यातलेही काही उपयोगी असतात. पण प्रकल्प संपला की मागे कोणतीही क्षमता उरत नाही. कोणताही प्रकल्प पाहताना मी आधी एवढंच विचारते: हा प्रश्न पहिल्यांदा कोणाच्या मनात आला?

मोठ्या देशांत इतकं संशोधन होतं. तेच आपण वापरलं तर काय बिघडलं?

पुष्कळ वापरतोच, आणि वापरायलाही हवं. पण जे आजार तिथे नाहीत त्यांच्यावर तिथे कोण काम करणार? विकासासाठी आरोग्य संशोधन या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली अहवाल दिला. जगातल्या टाळता येण्याजोग्या अकाली मृत्यूंचा ९३ टक्के भार विकसनशील देशांवर होता आणि आरोग्य संशोधनावरच्या खर्चातला जेमतेम ५ टक्के पैसा त्यांच्या प्रश्नांवर जात होता. आकडे जुने आहेत, पण त्यांतून दिसणारा कल अजून पुरता बदललेला नाही.

आपल्याकडचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण विंचूदंशाचं. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस, विशेषतः लहान मूल, काही तासांत दगावायचं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा यावर नेमका उपचार कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले आणि घाम, थंड पडलेले हातपाय, रक्तदाबाचे चढउतार, छातीत भरणारं पाणी हे सगळं वेळेनिशी टिपत गेले. विषामुळे शरीरात एकदम संप्रेरकांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर न झेपणारा ताण येऊन फुप्फुसांत पाणी साठतं, हा क्रम त्या नोंदींतून उलगडला. मग रक्तवाहिन्या सैल करणारं, रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेलं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते अगदी थोड्या टक्क्यांवर आलं. पुढे महाडमध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यातून दिसलं आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला.

लंडन किंवा बोस्टनच्या डॉक्टरला हा प्रश्न कधी पडलाच नसता.

गडचिरोलीचं नाव सारखं घेतलं जातं. तिथे नेमकं काय झालं?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथून निघालेले तीन अभ्यास प्रत्येकाला माहीत असावेत असं मला वाटतं.

पहिला बायकांच्या आजारांचा. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार तेव्हा सरकारी योजनांत होता. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्यात येणारे रुग्ण मोजून हा आकडा कधीच हाती आला नसता, कारण या बायका दवाखान्यात येतच नव्हत्या. १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे प्रजनन आरोग्यावर जगभर जी चर्चा झाली, तिच्यात त्याचा दाखला वारंवार दिला गेला.

दुसरा मुलांच्या न्यूमोनियाचा. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दाईंना मुलाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. पण अनेक दाईंना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक मिनिटाची वाळूघडी आणि मणी वापरून श्वास मोजायचं साधं साधन तयार केलं. उपचाराच्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले. हे प्रसिद्ध झालं १९९० मध्ये.

तिसरा नवजात बाळांचा. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत होणारे मृत्यू टाळायचे तर रुग्णालयच हवं, ही तेव्हाची समजूत होती. गडचिरोलीत बहुतेक बाळंतपणं घरी होत आणि आजारी बाळाला रुग्णालयात नेणारी कुटुंबं फार थोडी. तेव्हा ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचं, बाळाला उबेत ठेवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आईवडिलांना विचारून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं, ही सगळी कामं त्या करत. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ६०च्या जवळपासच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले.

तिन्ही अभ्यासांत महागडं असं काहीच नव्हतं. होती ती गावोगावच्या जन्ममृत्यूंची वर्षानुवर्षं ठेवलेली चोख नोंद. ती नसती तर फरक पडला हे सिद्धच करता आलं नसतं. मला या कामाचा खरा कणा तोच वाटतो, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

मग ते सगळं देशभर तसंच्या तसं लागू झालं का?

नाही. आधी आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पाच राज्यांत ही पद्धत तपासून पाहिली. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालक काळजीचा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा भेटतात आणि घरी जन्मलेल्या बाळाला सात वेळा. इंजेक्शनचा भाग मात्र त्यांच्या कामात आला नाही. घेतलेला निर्णय समजण्यासारखा आहे, कारण लाखो कार्यकर्त्यांवर गडचिरोलीइतकी बारीक देखरेख ठेवणं अवघड. पण संशोधनातून एक पद्धत निघाली आणि योजनेत दुसरी आली, तर परिणामही वेगळा येऊ शकतो. त्याची मोजणी प्रत्येक जिल्ह्याने आपली आपण करायला हवी.

कमी शिकलेल्या बाईने भरलेल्या माहितीवर शास्त्रीय निष्कर्ष कसे काढायचे?

ही शंका शिक्षित माणसाच्या फॉर्मबद्दलही तितकीच घ्यायला हवी. माहितीची खात्री पदवीने पटत नाही, पडताळणीने पटते. उपचार करणारी व्यक्ती वेगळी आणि मृत्यूची नोंद करणारी वेगळी हवी. ठरावीक काळाने कोणीतरी तिसऱ्याने घरोघर जाऊन नोंदी ताडून पाहाव्यात. पर्यवेक्षकाने काही भेटी न सांगता द्याव्यात. प्रश्न गोंडी किंवा माडियात विचारायचा असेल तर त्याचं भाषांतर आधी गावातल्या दहा जणींवर करून पाहावं. आणि गावातली बाई ज्या घरात सहज आत जाते त्या घरात बाहेरून आलेल्या एम.डी.ला खरं उत्तर मिळतंच असं नाही. गर्भपात, दारू, बाळाचा मृत्यू अशा विषयांत तर नाहीच.

संशोधन क्षमता वाढवायची म्हणजे प्रयोगशाळा बांधायच्या का?

काही प्रश्नांना प्रयोगशाळा लागतेच. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू तिथेच १९५७ मध्ये शोधला गेला. १९६७ मध्ये रॉकफेलरने मदत थांबवली, पण तोवर आपली माणसं तयार झाली होती आणि आयसीएमआरने संस्था पुढे चालवली. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान झालं ते याच संस्थेत.

पण इमारत आणि यंत्र ही पैशाने लवकर मिळणारी गोष्ट. वेळ लागतो तो माणसं टिकवायला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं शिरूर तालुक्यातल्या वढूचं काम पाहा. १९७०च्या दशकापासून तिथे ग्रामीण आरोग्याचं काम आहे आणि २००२ पासून २२ गावांतल्या प्रत्येक घराची जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद नियमित ठेवली जाते. ती घडी बसलेली होती म्हणूनच मुलांच्या रोटाव्हायरस जुलाबांवरच्या ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर इथेही होऊ शकली. त्या चाचणीत तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं होती, आणि २०१६ पासून लस सरकारी लसीकरणात आली. अशा ठिकाणी सगळ्यात मोलाचा माणूस कोण असं विचारलं तर मी डेटा मॅनेजरचं नाव घेईन. त्याला तीन वर्षांच्या कंत्राटावर ठेवायचं आणि प्रकल्प संपला की घरी पाठवायचं, ही आपली मोठी चूक आहे.

परदेशी पैसा किंवा भागीदारी घेतली तर संशोधन स्थानिक राहतं का?

राहू शकतं. करार कोणत्या अटींवर होतो त्यावर सगळं अवलंबून आहे.

काँगोचे डॉ. जाँ-जाक मुयेंबे यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९७६ मध्ये यांबुकू गावात अनोळखी तापाची साथ आली, तेव्हा तिथे गेलेले पहिले शास्त्रज्ञ ते होते. हातमोज्यांशिवाय त्यांनी रुग्णांचं रक्त काढलं. तो नमुना बेल्जियमला गेला, कारण देशात तपासायची सोयच नव्हती. तोच इबोला. शोधाचं श्रेय कित्येक वर्षं परदेशी शास्त्रज्ञांनाच मिळत राहिलं. मुयेंबे मात्र काँगोतच राहिले आणि किन्शासाच्या राष्ट्रीय जैववैद्यक संशोधन संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. काँगोतल्याच किक्वित शहरात १९९५ मध्ये आलेल्या इबोलाच्या साथीतून वाचलेल्या एका रुग्णाच्या रक्तातून पुढे अमेरिकी शास्त्रज्ञांसोबत एक प्रतिपिंड, म्हणजे विषाणूशी लढणारं प्रथिन, वेगळा काढण्यात आला. त्याची आणि इतर तीन औषधांची चाचणी २०१८-१९ मध्ये पूर्व काँगोत, साथ आणि सशस्त्र संघर्ष दोन्ही चालू असताना झाली, आणि मुयेंबे तिच्या प्रमुखांपैकी एक होते. त्या प्रतिपिंडावरच्या औषधाला डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पैसा बाहेरचाही होता, तंत्रज्ञानही होतं. पण या वेळी काँगोचा शास्त्रज्ञ निर्णय घेणाऱ्यांत बसला होता.

तांझानियातल्या इफाकाराची वाट वेगळी. १९५७ मध्ये स्विस संस्थेची क्षेत्रीय प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेलं ते केंद्र १९९६ मध्ये तांझानियाची स्वतःची संस्था बनलं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला तो इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या संशोधकांच्या सहकार्याने. आपल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, तिथल्या बाळांचं ३.५ किलो. तरीही आपल्या बारीक बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त, हे तेव्हा समोर आलं. मधुमेहाची मुळं गर्भात शोधायचा हा प्रश्न पुण्याच्या दवाखान्यात तरुण, किडकिडीत मधुमेही पाहणाऱ्या डॉक्टरांचा होता.

करार करताना एवढं लेखी घ्या: नमुने कुठे राहतील, माहितीवर हक्क कोणाचा, पहिला आणि शेवटचा लेखक कोण, प्रशिक्षणाला किती जण जातील, आणि प्रकल्प संपल्यावर यंत्रांची देखभाल कोण करेल. भारतात परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तिला वेळ लागतो. ते महिने वेळापत्रकात धरा.

आशाताईंचं किंवा क्षेत्र कार्यकर्त्यांचं नाव शोधनिबंधात यावं का?

आखणीत, विश्लेषणात किंवा लेखनात त्यांचा वाटा असेल तर लेखक म्हणून यावं. फक्त माहिती गोळा केली असेल तर आभारात नाव घ्यावं, आणि कामाचा मोबदला वेळेवर द्यावा. ‘क्षेत्र कार्यकर्त्यांचे आभार’ एवढी एक ओळ टाकून मोकळं होऊ नये.

गावाची संमती घ्यायची की प्रत्येकाची?

दोन्ही. आदिवासी भागात ग्रामसभेसमोर अभ्यास मांडणं आवश्यक आणि योग्य आहे. पण ग्रामसभेने होकार दिला म्हणून एखाद्या बाईचं रक्त तिला न विचारता घेता येत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. नवऱ्याने किंवा सासूने दिलेला होकारही तिचा होकार ठरत नाही.

समाजाने आपल्या अटी स्वतः ठरवल्याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. तिथल्या सान या मूळनिवासी लोकांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं, अगदी त्यांचे जनुकही वाचले गेले, पण त्यांना कोणी नीट विचारलं नाही. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी. आमच्याकडे यायचं तर हे पाळा, असं त्यांनी संशोधकांना सांगितलं. आपल्याकडच्या माडिया, कोरकू, कातकरी समाजांतल्या शिकलेल्या मुलामुलींनी असा मसुदा लिहावा असं मला फार वाटतं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. हाताशी वेळही नाही आणि संशोधनाचं प्रशिक्षणही नाही. सुरुवात कुठून करू?

ओपीडीच्या रजिस्टरपासून. जो प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा अडतो तो एका वाक्यात लिहा. ‘सर्पदंशाचा रुग्ण आमच्याकडे चावल्यापासून किती तासांनी पोचतो आणि वाटेत कुठे थांबतो?’ इतका साधा प्रश्न चालतो. त्याला लागतील तेवढ्याच सात-आठ बाबी ठरवा आणि वर्षभर न चुकता लिहा. चाळीस रकान्यांचा फॉर्म महिनाभरही टिकत नाही.

दुसरं, सोबत शोधा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागातले, म्हणजे पीएसएमचे शिक्षक बऱ्याचदा खऱ्या प्रश्नाच्या शोधात असतात. त्यांच्याकडे संख्याशास्त्र आणि संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती आहे, तुमच्याकडे रुग्ण आणि गाव आहे. विद्यार्थ्यांना आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थीवृत्तीतून तुमच्याकडे काम करता येतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत आरोग्य कर्मचाऱ्यांमधल्या क्षयाच्या संसर्गावर झालेला अभ्यास २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. खेड्यातल्या रुग्णालयानेही नेमका प्रश्न विचारला तर जग तो ऐकतं.

आमच्या संस्थेला नैतिकता समिती नाही. मग?

करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडून मंजुरी घेता येते. स्वतःची समिती करायची असेल तर ७ ते १५ सदस्य लागतात. त्यांत कायदा जाणणारी, सामाजिक शास्त्रांतली आणि एक सर्वसामान्य व्यक्ती हवी, अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, आणि समितीची नोंदणी करावी लागते. त्या सर्वसामान्य सदस्याच्या जागी गावातली कोणी आणा. संमतीपत्रक कळतंय का हे तिच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही. उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तिची नोंद करा. तिला शुल्क नाही.

पैसा कुठून आणायचा?

आयसीएमआर आणि केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग अनुदानं देतात. याच विभागाच्या योजनेतून ग्रामीण भागात आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रं उभी राहिली, पालघर जिल्ह्यात डहाणूला त्यांतलं एक आहे. पण छोट्या नोंदणी-अभ्यासाला फार पैसा लागतच नाही, आणि पहिला छोटा अभ्यास पूर्ण केलेल्याला पुढचं अनुदान मिळणं सोपं जातं. १९९० च्या त्या आयोगाने विकसनशील देशांना आरोग्यखर्चातला किमान २ टक्के भाग संशोधनावर घालायला सांगितलं होतं. जिल्हा पातळीवर ही मागणी कोणीच करत नाही. करायला हवी.

निष्कर्ष गावाला सांगायचे कसे?

इंग्रजी निबंध छापून येण्याची वाट न पाहता, आणि निबंध न छापला गेला तरी सांगायचे. गावाचा आकडा गावालाच दाखवला की तो हातात येतो. गडचिरोलीत दारूच्या प्रश्नाची गावोगाव पाहणी झाली, ती माहिती लोकांपुढे ठेवली गेली, लोकांचं आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. फलक, चित्रं, बचत गटाची बैठक, स्थानिक बोलीतलं ध्वनिमुद्रण, जे चालेल ते वापरा. कोणत्याही कुटुंबाची ओळख मात्र उघड होऊ देऊ नका. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘गेल्या वर्षी दगावलेलं बाळ’ एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

परिणाम दिसायला किती वर्षं लागतात?

घानातल्या नाव्रोंगो आरोग्य संशोधन केंद्राची सुरुवात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘अ’ जीवनसत्त्वाच्या चाचणीतून झाली. १९९४ मध्ये तिथे परिचारिकांनी गावातच राहून सेवा देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि ते घानाचं राष्ट्रीय धोरण व्हायला आणखी पाचेक वर्षं गेली. दहा वर्षं धरून चाला.

मी परदेशात राहतो, संख्याशास्त्रात किंवा सार्वजनिक आरोग्यात काम करतो. माझा काय उपयोग?

खूप आहे. फक्त तुमचा प्रश्न घेऊन येऊ नका, इथल्या एखाद्या गटाचा प्रश्न विचारून घ्या. दर आठवड्याला एक तास व्हिडिओ कॉलवर मराठीतून नमुना आकार, चुकलेल्या नोंदी, आलेखाचं वाचन एवढं शिकवलंत तरी तालुक्याच्या गटाचं काम पुढे सरकतं. निबंधाची इंग्रजी तपासून द्या, तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळणाऱ्या लेखांचा सारांश करून द्या, आणि किमान दोन वर्षं तरी देऊ शकाल असा शब्द आधीच द्या. सहा महिन्यांत मध्येच थांबलेली मदत गटाला मागे नेते, कारण तोवर त्यांनी आपली आखणी तुमच्या भरवशावर केलेली असते.